पेन्शन आणि पाणी

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या बँकेच्या काउंटरपुढे जी रांग लागते, तिला आम्ही आपापसांत 'जिवंतांची रांग' म्हणतो. पेन्शनर मंडळींनी वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून ह्या कामासाठी 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय झाली आहे. घरबसल्या बोटाचा ठसा द्यावा आणि आणखी एक वर्ष जिवंत राहावं. पण चाळीस वर्षं लोकलच्या दांड्याला लोंबकळून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या त्यांना यंत्र ओळखत नाही. आणि ज्यांना ओळखतं त्यांना काउंटरवर येऊन चार माणसांशी बोलल्याखेरीज आपण जिवंत आहोत ह्याची स्वतःलाच खात्री वाटत नाही. तेव्हा रांग काही कमी होत नाही.

ह्या रांगेच्या अलीकडच्या बाजूला मी बसतो. बी.कॉम., वय वर्षं सत्तेचाळीस, हुद्दा लिपिक. बढती दोनदा चालून आली होती. दोन्ही वेळा तिला चहा पाजून परत पाठवली. कारण बढती एकटी कधी येत नाही, धाकटी बहीण बदली तिच्यासोबत असते. राहायला डोंबिवली, नोकरी बेलापूर. ठाण्याला गाडी बदलायची, की खाडीपलीकडच्या जगात दाखल.

गेल्या नोव्हेंबरात एका आजोबांच्या दाखल्यावर शिक्का मारताना माझ्या मनात आलं, की आणखी तेरा वर्षांनी मी काचेच्या त्या बाजूला असेन. पण कुठल्या गावात? घरी येऊन हा प्रश्न मांडला. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठेही चालेल. फक्त पाण्याजवळ पाहिजे. आणि नळाचं म्हणत नाहीये मी."

मी ताबडतोब एक जाड वही आणली. कॉमर्सच्या माणसाला संकटात वही लागते. डावीकडे 'नावे', उजवीकडे 'जमा', आणि वर मथळा : 'निवृत्तीचे गाव'. अटी चार. पाण्याकाठी असावं, परवडावं, मन प्रसन्न व्हावं, आणि रात्री छातीत कळ आली तर ती गॅसेसची की खरीच, हे सांगणारा डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असावा.

पहिलं पान अलिबागचं. एका रविवारी जाऊन जागांचे भाव विचारले आणि ऐकल्यावर तिथल्या कुलाबा किल्ल्यासारखाच पाण्यात उभा राहिलो. दुसरं पान मुरूडचं. समुद्र उत्तम, मासे उत्तम, भावही जरा माणसात. पण छातीत कळ आली तर मुंबई फार लांब. तिसऱ्या पानावर पुणे लिहिलं आणि खोडलं. पुणं हे पूर्वीपासून पेन्शनरांचं गाव खरं. पण तिथे नव्या पेन्शनरला जुने पेन्शनर वर्गात घेतील की नाही ह्याची शंका वाटली. शिवाय मुठेच्या पाण्यावर प्रसन्न व्हायचं म्हणजे पावसाळ्याची वाट पाहायची.

आता तुम्ही म्हणाल, हे पाण्याकाठी निवृत्त होण्याचं खूळ आलं कुठून? इंग्लंडात म्हातारपणी बोर्नमथ, ईस्टबर्न अशा समुद्रकाठच्या गावी जाऊन बाकावर बसण्याची पद्धत आहे, हे मी वाचलं होतं. पण हे खूळ इंग्रजांनी आणलेलं नाही. आपल्याकडे काशीवास होताच. आणि महाराष्ट्राच्या इतिहासातला सगळ्यांत नावाजलेला पेन्शनर तर नदीकाठीच राहिला. ते म्हणजे दुसरे बाजीराव पेशवे.

शाळेत आपण बाजीरावांकडे पळपुटे म्हणून पाहतो. मी त्यांच्याकडे खातेदार म्हणून पाहिलं आणि थक्क झालो. जून १८१८ मध्ये ते सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले, तेव्हा त्यांचं वय त्रेचाळीस. म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी लहान! पेन्शन ठरलं सालीना आठ लाख रुपये. मुक्काम कानपूरजवळ ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, थेट गंगेच्या काठी. पाण्याकाठी, परवडणारं आणि इंग्रजांच्या दृष्टीने पुण्यापासून भरपूर लांब. माल्कमने फार उदारपणे रक्कम ठरवली म्हणून त्याच्या वरिष्ठांनी कुरकुर केली होती. वरिष्ठ तेव्हाही तसेच होते. आणि बाजीरावांनी काय करावं? ते बिठूरला तेहतीस वर्षं जगले! १८५१ पर्यंत. राज्य गेलं ते गेलं, पण पेन्शनच्या मैदानात ह्या माणसाने कंपनी सरकारला शेवटपर्यंत दमवलं. गंगेच्या पाण्याचा गुण दुसरा काय?

पुढची नोंद मात्र हसण्याची नाही. ते गेल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांना ते पेन्शन चालू ठेवायला डलहौसीने नकार दिला. फॅमिली पेन्शनचा अर्ज फेटाळला, म्हणा ना. सहा वर्षांनी, १८५७ साली, त्या नकाराचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून फॅमिली पेन्शनचा अर्ज आला की मी तो जरा जपून हाताळतो.

तर, बिठूर लांब पडतं. वही मिटून मी खिडकीबाहेर पाहिलं. ठाण्याहून निघालेली गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली करत चालली होती. आणि पहिल्यांदाच डोक्यात आलं, की ज्या गावात मी रोज नोकरीला येतो तेच गाव पाण्याकाठी आहे! इतकी वर्षं मी त्याच्याकडे ऑफिस म्हणून पाहत होतो. ऑफिसात कोणी निवृत्त होऊन राहायला जात नाही, म्हणून लक्षात आलं नाही इतकंच.

चौथं पान नवी मुंबईचं. आणि ह्या पानाने मला इतिहासात नेलं.

झालं असं होतं, की मुंबई बेट दक्षिणेकडून उत्तरेकडे लांबत चाललं होतं. सकाळी सगळे खाली, संध्याकाळी सगळे वर. १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता ह्या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून मांडलं, की शहर उभं वाढवण्यापेक्षा आडवं वाढवा. खाडी ओलांडा, पलीकडे दुसरी मुंबई वसवा आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील. कल्पना इतकी सरळ होती, की ती सरकारलाही पटली! १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. क्षेत्र ३४४ चौरस किलोमीटर, गावं ९५, आणि वसवायची माणसं वीस लाख. कोरिया प्रमुख वास्तुरचनाकार झाले, नियोजनाची बाजू पटेलांकडे आली. १९७३ साली वाशीच्या खाडीवर पूल झाला.

म्हणजे पूल आला, रस्ते आले, घरं आली. यायचं राहिलं ते सरकार. मंत्रालय आहे तिथेच राहिलं. आणि ज्या दक्षिण टोकावरची गर्दी हलवायची, त्याच टोकाला त्याच काळात समुद्रात भर घालून नरिमन पॉइंटचे टोलेजंग मजले चढत होते. बेलापूरला कोकण भवन झालं. पण साहेब मुंबईत आणि कोकण भवन बेलापुरात, अशी ती वाटणी. सगळ्यांत आधी खाडी ओलांडायची हिंमत कोणी केली म्हणाल? कांद्या-बटाट्यांनी. १९८१ साली कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार वाशीला आला. ज्या शहराची कल्पना तीन विद्वानांनी मांडली, त्याला पहिला खात्रीचा रहिवासी लाभला तो कांदा. आगगाडी यायला त्यानंतर अकरा वर्षं लागली : वाशीला १९९२, बेलापूरला १९९३. महापालिकाही १ जानेवारी १९९२ पासूनचीच.

ह्या १९८१ सालाशी आमच्या घरातली एक कथा जोडलेली आहे. बाबा तेव्हा फोर्टातल्या एका कंपनीत कारकून होते आणि आम्ही गिरगावात एका खोलीत राहत होतो. त्यांच्या कचेरीतल्या तिघाचौघांनी वाशीला घरासाठी अर्ज केले. बाबांनीही फॉर्म आणला, भरला आणि पाठवला नाही. "खाडीपलीकडे कोण राहणार? खेकडे?" असं ते म्हणाले, म्हणे. आज त्या किमतीत वाशीला मोटार उभी करायची जागाही मिळायची नाही. गेली चाळीस वर्षं आमच्याकडे कुठलाही कौटुंबिक समारंभ ह्या वाक्याशिवाय पार पडलेला नाही. लग्नात, मुंजीत, बारशात, कोणीतरी "काका, खेकडे!" म्हणतं आणि सगळे हसतात. बाबाही हसतात.

असो. आता पाण्याचं. नवी मुंबईला समुद्र नाही, खाडी आहे. दोहोंतला फरक जाहिरातीत सांगत नाहीत. समुद्र दिवसभर कामावर असतो, खाडी शिफ्टमध्ये येते. भरतीला डोळे निवतील असं पाणी, आणि ओहोटीला कंबरभर चिखल. पण त्या चिखलातलं खाणं खायला रोहित पक्षी हजारोंनी येतात, इतके की २०१५ साली ठाणे खाडीचं अभयारण्य झालं आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. चिखलाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली मी दुसरी ऐकलेली नाही. काठाला खारफुटी. आणि गंमत अशी, की हे शहर पाण्याकाठी असलं तरी त्याची सगळी विद्या पाणी बाहेर ठेवण्याची आहे. बरीचशी जमीन भरतीच्या पातळीहून खाली. म्हणून जागोजागी धारण तलाव केलेले आहेत. भरती आली की दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. ही डच पद्धत आहे असं सांगतात. वाशीचा मिनी सीशोर आणि नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई', जिथे पेन्शनर मंडळी पांढरे बूट घालून फेऱ्या मारतात, ते अशाच तलावांच्या काठी.

मी वहीत लिहिलं : 'पाणी – डच पद्धतीचे. जमा.'

ही नोंद खोडावी लागली ती रांगेतल्या एका म्हाताऱ्यामुळे.

हे आजोबा दरवर्षी येतात. इथल्याच एका गावठाणातले आगरी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात जन्म काढला. पेन्शन कारखान्याच्या कामगाराचं, म्हणजे ज्याची किमान रक्कम २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरवण्यात आली ते. बाजीरावांच्या मानाने तसं बेताचंच. रांग सरली होती, म्हणून मी त्यांनाही माझा ठरलेला प्रश्न विचारला, "आजोबा, तुम्ही रिटायर होऊन पाण्याकाठी राहिलात. कसं वाटतं?"

आजोबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "मी कुठं गेलोच नाय, साहेब. होतो तितंच हाय. पानी गेलं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बापाची खारजमीन होती. खाडीच्या कडेने मातीचा बांध आणि बांधाला उघाडी. भरती आली की पाण्याच्याच जोराने उघाडीचं झाकण मिटायचं, खारं पाणी बाहेर. ओहोटी लागली की झाकण सुटायचं, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत. आत भात पिकायचा, बाहेर निवट्या आणि खेकडे मिळायचे, पलीकडे मिठागर.

मी म्हणालो, "अहो, पण ही तर डच पद्धत!"

"कोन डच?" आजोबांनी विचारलं. "आमचा आजा बांधायचा."

मी वहीतली 'डच' खोडून 'आजा' लिहिलं. मग पुढचा इतिहास मला वाचावा लागला, कारण तो जाहिरातींत नसतो. ९५ गावांची शेतं, खारजमिनी आणि मिठागरं नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. भावासाठी आणि विकसित जमिनीतल्या वाट्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी मरण पावले. त्या लढ्यातून पुढे, नव्वदच्या दशकात, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. बँकेत आम्ही 'साडेबारा टक्के' हे शब्द किती सहज उच्चारतो! कर्जाच्या अर्जात येतात, गहाणखतात येतात. मला वाटायचं हा कसला तरी व्याजदर असावा. तो पाच माणसांनंतर मिळालेला आकडा आहे, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. दि. बा. २०१३ साली गेले. विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून २०२१ मध्ये माणसं रस्त्यावर आली होती, तेव्हा आम्ही "आज गाड्या वेळेवर मिळणार का" एवढंच विचारत होतो. त्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं.

बी.कॉम.ला एक गोष्ट मात्र शिकवतात : द्विनोंदी पद्धत. प्रत्येक जमेला कुठेतरी एक नावे असते. माझ्या पानावर 'पाणी जमा' लिहायचं, तर ते कोणाच्या तरी पानावर नावे पडलेलं असणार. तेवढा फरक पडल्याशिवाय माझी बेरीज जुळणार नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वही घरी न नेता ड्रॉवरमध्ये ठेवली.

पण हिशोब एकदा उघडला की एका खात्यावर थांबत नाही. पुढच्याच रविवारी बाबांच्या ट्रंकेत विम्याचा एक कागद शोधत होतो, तेव्हा त्यांचं जुनं पासबुक हाती आलं. हाताने लिहिलेलं, निळ्या शाईचं, प्रत्येक ओळीला कारकुनाची सही. पासबुक दिसलं की मी वाचतो. काही लोक वर्तमानपत्र वाचतात तसं. दर महिन्याला चाळीस-पन्नास रुपये जमा, वर्षानुवर्षं, कधी एक पैसा काढलेला नाही. आणि मग १९८१, एप्रिल. एका ओळीत जवळजवळ सगळी शिल्लक काढलेली. पासबुकात पुढे ठेवलेला तो वाशीचा फॉर्म. भरलेला, सही केलेला, घडी घातलेला.

एप्रिल १९८१. मी सनावळी जुळवली. आमच्या आत्याचं लग्न मे १९८१ चं.

बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी पासबुक पुढे धरलं आणि म्हणालो, "बाबा, खेकडे?"

त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "अक्षर सुंदर होतं हं त्या क्लार्कचं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्यासमोर कसं सांगणार? जन्मभर तिला वाटलं असतं, आपल्यामुळे दादाचं घर राहिलं. त्यापेक्षा खेकडे बरे."

चाळीस वर्षं प्रत्येक समारंभात सगळ्यांत मोठ्याने हसते ती आत्याच. मी पासबुक होतं तिथे ठेवलं. काही नोंदी ऑडिटला दाखवायच्या नसतात. ही इथे छापली जातेय खरी, पण आत्या माझं लिखाण वाचत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

सोमवारी आजोबा पुन्हा आले. पासबुकावर एंट्री मारून हवी होती. जाताना म्हणाले, "साहेब, पान्याजवल जागा बगताय ना? आमच्या घराचा वरचा माला रिकामा हाय. भाडं वाजवी. लांबून खाडी दिसते. म्हंजे भरतीला."

घरी येऊन वही पुन्हा उघडली. विकत घ्यायला जमणार नाही, हे पहिल्या पानापासूनच ठरल्यासारखं होतं. फक्त मला ते लाल शाईत लिहायचं नव्हतं. भाड्याने मात्र जमेल. पाणी आहे, भाडं परवडतं, डॉक्टर कोपऱ्यावर. ज्यांच्या बापाच्या बांधावर हे शहर उभं राहिलं ते मालक आणि मी त्यांचा भाडेकरू. माझी बेरीज निदान त्या मजल्यापुरती तरी जुळते. ही म्हणाली, "तेरा वर्षं कशाला थांबायचं? बाबांना ऐंशी लागलीत." हिचं कॉमर्स नाही, तरी तारखा हिला बरोबर कळतात.

जागा बघायला बाबांना घेऊन गेलो. परतताना वाशीला मिनी सीशोरवर उतरलो आणि खाडीच्या अंगाला जाऊन बाकावर बसलो. ओहोटी होती. समोर नजर पोचेल तिथवर चिखल, लांबवर गुलाबी ठिपके, आणि जवळच एक खेकडा बिळातून डोकावून आमच्याकडे पाहत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने बाबांकडे. जुनी ओळख असावी.

"पाणी कुठाय रे?" बाबांनी विचारलं.

"येईल. भरती सहानंतर आहे."

बाबांनी चपला काढून पाय बाकावर घेतले. "मग थांबू की," म्हणाले. "आपल्याला कुठे लोकल गाठायचीय?"